शुश्रूषागृहाची पारख : प्रस्तावना

अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृती हरवत चाललेल्या वडीलधाऱ्या माणसासाठी जागा शोधताना बहुतेक कुटुंबे तीनच गोष्टी विचारतात. महिन्याचे किती, जेवण घरच्यासारखे असते ना, आणि आमच्या घरापासून किती लांब. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. ते विचारणाऱ्या मुलीला किंवा सुनेला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. रुग्णालयाने डिस्चार्जची तारीख सांगितलेली असते, घरातल्या बाथरूमच्या दारातून व्हीलचेअर जात नाही, ब्युरोकडून आलेली बाई दोनदा बदलून झालेली असते, आणि निर्णय एका दुपारीत उरकावा लागतो. त्या दुपारी काय पाहावे, काय विचारावे आणि कशाला भुलू नये याचे एक रीतसर शास्त्र जगात गेली साठेक वर्षे आकार घेत आहे. मराठी वाचकांना त्याची ओळख व्हावी, एवढ्यासाठी हे पुस्तक.

आधी क्षेत्राची हद्द आखून घेऊ. गल्लीतले, बाळंतपणे आणि हर्नियाच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरांचे नर्सिंग होम इथे अभिप्रेत नाही. धडधाकट ज्येष्ठांसाठी बांधलेल्या, क्लब हाऊस आणि वॉकिंग ट्रॅक असलेल्या वसाहतीही नाहीत. उपचार संपले आहेत, पण खाणे, कूस बदलणे, शौचाला जाणे, औषध घेणे यांसाठी माणूस चोवीस तास दुसऱ्याच्या हातावर अवलंबून आहे, अशा जागांबद्दल आपण बोलणार आहोत. पुण्या-मुंबईच्या उपनगरांत त्या पुष्कळदा भाड्याच्या बंगल्यात चालतात आणि पाटीवर ‘केअर सेंटर’, ‘वृद्धसेवा केंद्र’ असे काहीही लिहिलेले असते. आपण त्यांना शुश्रूषागृह म्हणू.

अशा जागा आपल्याकडे परवापरवा आल्या, असा एक समज आहे. तो खरा नाही. पुण्यातली डेव्हिड ससून यांच्या नावाची संस्था, जी आज ‘निवारा’ म्हणून ओळखली जाते, ती एकोणिसाव्या शतकापासून निराधार व पंगू माणसांना आसरा देत आली आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेली प्रोव्हेदोरिया आजही वृद्धांची घरे चालवते. वरोऱ्याच्या आनंदवनात ज्येष्ठांसाठी ‘उत्तरायण’ आहे. तेव्हा परंपरा आहे आणि तिचा अभिमान बाळगायला हरकत नाही. रंगभूमीनेही आपले काम चोख केले. ‘नटसम्राट’ आणि ‘संध्याछाया’ पाहून डोळे पुसत बाहेर पडलेल्या प्रेक्षकांच्या दोन-तीन पिढ्या महाराष्ट्रात आहेत. मात्र आईवडिलांना तिथे का ठेवले, हा प्रश्न आपण इतका चघळला की ठेवल्यावर त्यांचे काय होते, हा प्रश्न मागेच राहिला. 2011 च्या जनगणनेत देशात साठ ओलांडलेली माणसे 10 कोटी 38 लाख होती. 2017-18 मध्ये देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पंचेचाळीशीपुढच्या बहात्तर हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली आणि त्यांच्या आजारांची, अवलंबित्वाची तपशीलवार माहिती जमवली. संख्या आपल्यासमोर आहेत. घरांच्या आत काय चालते त्याची मोजदाद मात्र आपल्याकडे अजून बाल्यावस्थेत आहे.

आता या शास्त्राच्या पूर्वजांकडे वळू. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1859-60 च्या सुमारास लिहिलेल्या छोट्या पुस्तकात बेडसोरचे खापर आजारावर फोडायला नकार दिला; दोष बहुधा शुश्रूषेचा असतो, असे तिचे म्हणणे. शंभर वर्षांनी पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने इंग्लंड आणि वेल्समधली 173 वृद्धगृहे पालथी घातली आणि 1962 मध्ये ‘द लास्ट रेफ्यूज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. गरिबांसाठीच्या जुन्या वर्कहाउसच्या इमारतींत, एका ओळीत लावलेल्या खाटांवर, स्वतःची म्हणावी अशी एक वस्तूही जवळ नसलेली माणसे त्याने पाहिली, आणि त्यांच्या दिवसाची बारकाईने नोंद केली. त्यानंतर 1966 मध्ये अवेदिस दोनाबेदियन यांचा निबंध आला. बैरूतमध्ये जन्मलेले, आर्मेनियन वंशाचे हे डॉक्टर अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकवत. वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन ठिकाणी शोधावा, असे त्यांनी मांडले : रचना, प्रक्रिया आणि परिणाम. इमारत, खाटा, माणसे आणि त्यांचे शिक्षण ही रचना. त्या माणसांनी प्रत्यक्षात काय केले, ही प्रक्रिया. आणि त्यामुळे रुग्णाचे काय झाले, हा परिणाम. आज जगात कुठेही रुग्णालयाचा दर्जा तपासला जातो तेव्हा तपासणाऱ्याच्या हातात, त्याला ठाऊक असो वा नसो, दोनाबेदियन यांचीच फूटपट्टी असते.

वाचकांनी ही त्रयी मनात ठेवली तर पहिल्या भेटीतच डोळे वेगळे काम करू लागतील. संस्थेचा माणूस तुम्हाला जे फिरवून दाखवतो ते जवळजवळ सगळे रचनेत मोडते : चकचकीत फरशी, देवघर, टीव्हीचा हॉल, बाग. ते वाईट नाही. पण बागेत कोण जाते, केव्हा जाते आणि त्याला कोण नेते, हे विचारल्याशिवाय बाग म्हणजे नुसती झाडे. या क्षेत्राची माझ्या मते सगळ्यात उपयोगी शिकवण अशी की, घर जोखायचे ते तिथल्या सर्वांत दुबळ्या माणसावरून. हसून गप्पा मारणारे आजोबा तुम्हाला व्हरांड्यात भेटतील. त्यांना भेटा, पण पारख करायची ती आतल्या खोलीतल्या, बोलू न शकणाऱ्या, भेटायला कुणी न येणाऱ्या आजींच्या खाटेपाशी. तुमचे माणूस आज व्हरांड्यात असेल. दोन वर्षांनी ते त्या खोलीत असण्याची शक्यता मोठी आहे.

मोजमापाच्या बाबतीत सर्वांत लांबचा, आणि सर्वांत जास्त ठेचा खाल्लेला, प्रवास अमेरिकेचा. तिथे 1986 च्या एका राष्ट्रीय अहवालाने नर्सिंग होमची दुरवस्था मांडली, 1987 मध्ये कायदा झाला, आणि माणसाला बांधून ठेवण्यावर निर्बंध आले. 2008 च्या डिसेंबरात सरकारने प्रत्येक घराला एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली. योजना छान होती. पण तपासनीसांची भेट सोडली तर कर्मचाऱ्यांची संख्या आणि रुग्णांची स्थिती ही माहिती घरे स्वतःच भरत, आणि 2014 मध्ये वृत्तपत्रीय तपासातून दिसले की अनेक घरांचे तारे याच स्वतः भरलेल्या माहितीवर चमकत होते. मग 2016 पासून पगारपत्रकावरून हजेरी घेणे सुरू झाले, आणि शनिवार-रविवारी माणसे किती कमी होतात ते आकड्यांत उघडे पडले. तिथल्याच एका 2001 च्या सरकारी अभ्यासाने प्रत्येक रुग्णामागे दिवसाला सुमारे 4.1 तास शुश्रूषा मिळायला हवी, असा अंदाज बांधला होता. ती पातळी गाठणारी घरे तिथेही थोडीच. आपल्याकडे तारे नाहीत आणि ते नसल्याची फार खंत करू नये. पण त्या अनुभवातून एक प्रश्न उचलण्याजोगा आहे : रविवारी रात्री इथे किती माणसे ड्युटीवर असतात, आणि किती पेशंटमागे? उत्तर तोंडी देण्याऐवजी ड्युटीचा तक्ता दाखवता का, असेही नम्रपणे विचारावे.

शुश्रूषेची खरी परीक्षा रात्रीच होते, म्हणून पुस्तकातली सर्वांत मोठी जागा तिला दिली आहे. खाटेच्या पायथ्याशी टांगलेला कूस बदलण्याचा तक्ता घ्या. स्वतःहून हलू न शकणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, असा प्रघात आहे. उजवी, पाठ, डावी. तक्त्यावर रात्रीचे दहा, बारा, दोन, चार, सहा, अशा पाच नोंदी दिसतात. पाचही एकाच शाईत, एकाच दाबाने, एकाखाली एक नीट ओळीत, आणि मिनिटाचाही फरक नाही. असा तक्ता बहुधा पहाटे सहाला एका बैठकीत भरलेला असतो. खऱ्या तक्त्यावर बारा वाजून दहा मिनिटे असतात, मध्येच ‘जुलाब, चादर बदलली’ असे घाईत खरडलेले असते, एखादी वेळ सुटलेली असते आणि अक्षर बदललेले असते. वाचकांनी तक्त्याच्या टापटिपीवर खूश होऊ नये, एवढेच सुचवतो.

तक्ता संशयास्पद वाटला तर अंग पाहावे. माकडहाड, कुल्ल्याची हाडे, घोटे आणि टाचा या जागी हाड कातडीच्या अगदी जवळ असते, आणि बेडसोर तिथून सुरू होतो. टाचेवर लालसर डाग दिसला तर अंगठ्याने हलके दाबून सोडा. डाग क्षणभर फिका पडून परत लाल झाला तर रक्त अजून खेळते आहे. दाबूनही तसाच राहिला तर ती पहिली पायरी आहे, आणि सिस्टरना त्याच क्षणी दाखवायला हवी. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन कळत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा काळपट लागणारी जागा शोधावी. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रम यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेली मोजपट्टी या धोक्याचा अंदाज सहा बाबींवरून घेते, आणि अंक जितका कमी तितका धोका जास्त. तिचे मराठी रूप परिशिष्टात आहे. जाता जाता एअर बेडच्या पंपावर हात ठेवून पाहा. तो थरथरत असायला हवा. प्लग काढून तिथे कुणाचा मोबाइल चार्जिंगला लावलेला असणे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे.

जेवणाबद्दल सगळेच विचारतात, पण मेनूबद्दल. भरवण्याबद्दल कुणी विचारत नाही. भरवणारी मावशी उभी आहे की खाटेशेजारी बसली आहे? माणसाला ताठ बसवले आहे की निम्मे आडवे ठेवूनच चमचा चालला आहे? आधीचा घास गिळला का, हे पाहून पुढचा दिला जातो का? गिळण्याची शक्ती कमी झालेल्या माणसाचा घास श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया होतो, आणि तो पुष्कळदा जीव घेतो. नाकातून पोटात सोडलेल्या राइल्स ट्यूबने भरवताना आणि त्यानंतर निदान अर्धा तास डोके उंच ठेवायचे असते, तेही याच कारणाने. आणि हे सगळे एका आकड्यात उतरते : वजन. महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के वजन आपोआप घटणे ही जगभर धोक्याची खूण मानली जाते. साठ किलोच्या आजी महिन्यात सत्तावन्नवर आल्या तर कुणीतरी थांबून विचार करायला हवा. ज्या घरात वजनकाटाच नाही तिथे मेनू कितीही चांगला असो.

औषधांचे प्रकरण थोडे तांत्रिक आहे, पण ते टाळू नये. मार्क बीअर्स या अमेरिकन डॉक्टरांनी 1991 मध्ये वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली, आणि ती मुळात नर्सिंग होममधल्या रुग्णांसाठीच होती. ती यादी आजही वेळोवेळी सुधारली जाते. झोपेच्या आणि मन शांत करणाऱ्या काही गोळ्या त्यात ठळकपणे आहेत. तुमचे माणूस भर दुपारी ओळखेनासे झाले, सतत पेंगते आहे, तर ‘वयोमानाने’ हे उत्तर लगेच स्वीकारू नका. नवीन गोळी कोणती सुरू झाली, कुणी लिहून दिली आणि कशासाठी, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. माणूस झोपलेले असले की रात्रीची ड्युटी सोपी जाते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

इथवर वाचून सुरक्षितता म्हणजेच दर्जा, असा ग्रह होऊ शकेल. या क्षेत्रातला खरा पेच मात्र इथूनच सुरू होतो. ‘आमच्याकडे वर्षभरात एकही पेशंट पडला नाही,’ असे कुणी अभिमानाने सांगितले तर थोडे थबकावे. चालणारी वृद्ध माणसे कधी ना कधी पडतात. कुणीच पडत नसेल, तर एकतर पडणे नोंदवले जात नाही किंवा कुणाला उठूच दिले जात नाही. सहा पडण्यांची तारीखवार नोंद, प्रत्येकीखाली ‘बाथरूममध्ये दांडा बसवला’, ‘रात्रीचा दिवा लावला’, ‘गोळी कमी केली’ असे लिहिणारे घर माझ्या दृष्टीने जास्त विश्वासाचे. उमरखेडजवळच्या उटी गावाशी नाते सांगणारे, अमेरिकेत वाढलेले शल्यविशारद अतुल गावंडे यांनी ‘बीइंग मॉर्टल’ या 2014 च्या पुस्तकात हा पेच जगापुढे फार चांगला मांडला. शंभरी ओलांडलेले त्यांचे आजोबा उटीत घरच्यांच्या आधाराने शेतावर फिरत राहिले; आणि अमेरिकेतली म्हातारी माणसे सुरक्षित, स्वच्छ जागेत जगण्याची गोडी हरवून बसलेली त्यांनी पाहिली. त्याच पुस्तकात बिल थॉमस या डॉक्टरची हकिकत आहे. त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या एका नर्सिंग होममध्ये दोन कुत्री, चार मांजरे आणि शंभर पक्षी आणून सोडले. सुरुवातीला गोंधळ उडाला. पुढे तिथला औषधांचा वापर लक्षणीय घटला. आपल्याकडे पक्षी आणायची गरज नाही. सकाळचा चहा स्वतःच्या वेळेला, स्वतःच्या कपात मिळतो का, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते.

कायद्याबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे, आणि त्याच्या व्याख्येत आजार व इजेबरोबर दुर्बलतेचाही उल्लेख आहे. मात्र तो राबवला जातो तो मुख्यतः रुग्णालयांच्या बाबतीत. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा निराधार ज्येष्ठांसाठी जिल्ह्यागणिक निदान एक वृद्धाश्रम असावा असे सांगतो. ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी 2024 मध्ये महारेराने निकष आखले, पण ते इमारतीचे. तुमच्या हाताशी लगेच येणारा कागद अग्निसुरक्षेचा आहे : राज्याच्या 2006 च्या कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत घ्यायचा ‘बी फॉर्म’. तो मागा, आणि मग खाटेवरच्या माणसाला रात्री दोन आया जिन्यावरून खाली कशा नेणार, हे विचारा. करारनाम्यात प्रकृती बिघडल्यावर कोणत्या रुग्णालयात नेणार, सोबत कोण जाणार, आणि शेवटच्या आजारात माणसाची स्वतःची इच्छा कशी पाळली जाणार, हे स्पष्ट असावे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. ते करून ठेवले असेल तर प्रत फाइलला लावावी. तक्रारीची वेळ आलीच तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567 आहे.

या पुस्तकाने वाचकांच्या मनात आया आणि मावश्यांविषयी अढी निर्माण होऊ नये, ही माझी मोठी काळजी आहे. बारा तासांची ड्युटी, पंधरा-वीस पेशंट, डायपर आणि उलट्या, आणि स्वतःची मोडलेली कंबर. यातून आलेल्या बाईने दोन वाजता उठून सातव्या खाटेची कूस बदलली नाही, तर दोष तिचा किती आणि तिच्यावर एवढ्या खाटा टाकणाऱ्याचा किती? शुश्रूषेचे संशोधन वारंवार एकाच जागी येऊन पोचते : पुरेशी माणसे, टिकून राहिलेली माणसे, शिकवलेली माणसे. म्हणून ‘इथे किती वर्षे आहात?’ हा प्रश्न मॅनेजरला विचारण्याआधी मावशींना विचारा. तीन-चार जणींची उत्तरे वर्षांत आली तर ते घर काहीतरी बरोबर करत आहे. सगळ्याच जणी मागच्या महिन्यात आलेल्या असतील, तर मालकाशी बोलताना पगाराचा विषय काढायला संकोचू नका. तुम्ही भरता त्या पैशातला किती त्या हातांपर्यंत पोचतो, हा तुमच्या माणसाच्या प्रकृतीचाच प्रश्न आहे.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायलाच हवे असे नाही. अजून जागा शोधत असलेल्यांनी भेटीची प्रकरणे आधी घ्यावीत, आणि पहिली भेट ठरवून घेतली तरी दुसरी न कळवता, संध्याकाळी साडेसातच्या पुढे, पाळी बदलताना घ्यावी. ज्यांचे माणूस आधीच एखाद्या घरात आहे त्यांनी वजन, टाचा आणि औषधे ही तीन प्रकरणे आज रात्रीच वाचली तरी चालेल; उद्याच्या भेटीत कुणाच्याही परवानगीवाचून पंधरा मिनिटांत ती वापरता येतील. परिचारिका महाविद्यालयांतल्या आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी मोजपट्ट्यांचा भाग सावकाश वाचावा, आणि आपल्या जिल्ह्यात त्या वापरून पाहिल्यावर जिथे अडतील तिथे खुशाल दुरुस्त कराव्यात. त्या परक्या खाटांवर आणि परक्या जेवणावर बेतलेल्या आहेत. शेवटी जोडलेली प्रश्नावली फाडून नेता यावी म्हणून पानाच्या एकाच बाजूला छापली आहे. पहिल्या भेटीत ती हातात धरून हिंडू नका, समोरचा माणूस लगेच सावध होतो. ती पिशवीत असू द्या आणि बाहेर पडल्यावर रिक्षात बसून भरा.